दार लावून घे

ब्रश चौकटीवरून घसरला आणि आरशातल्या त्याच्या गळ्यावर आडवी राखाडी रेघ उमटली. तो दचकला. गुडघ्यात जरा वाकला, तर तीच रेघ तोंडावर आली. आणखी वाकला, तर कपाळावर. आणि रेघही एक नव्हती, दोन होत्या: एक काचेवरची, आणि काचेच्या जाडीएवढी आत तिची फिकट सावली. नळखात्यात नकाशे काढण्यात त्याची उभी हयात गेली होती. पट्टी न लावता सरळ रेघ मारावी तर याने, असं कचेरीत बोललं जायचं, आणि म्हणूनच रंगवाल्याने काचेच्या कडेला लावायला दिलेली कागदी चिकटपट्टी त्याने पिशवीतून बाहेरसुद्धा काढली नव्हती. आपल्याला कशाला हवी पट्टी? आता घ्या. चिंधी टर्पेंटाइनमध्ये बुडवून त्याने गळा पुसला, म्हणजे आरसा पुसला, तर रेघ जाण्याऐवजी पसरली आणि छातीपर्यंत धुरकट डाग पडला.   दुपारी ती येणार होती.

ती म्हणजे त्याची बायको. महिन्यामागे ती आपल्या ताईकडे राहायला गेली होती. भांडण म्हणावं असं काही झालं नव्हतं, आणि तीच तर पंचाईत होती; भांडण झालं असतं तर ते मिटवता तरी आलं असतं. एका सकाळी चहा पिता पिता ती म्हणाली, "मी ताईकडे राहायला जातेय. किती दिवस ते माहीत नाही. कदाचित कायमची." आणि तो म्हणाला, "बघू." आता काय बोलणार अशा माणसाला? त्याचा तो शब्दच होता. गळका नळ, तिच्या मैत्रिणीकडचं बोलावणं, डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाणं, सगळ्याला त्याचं एकच उत्तर. कचेरीतली माणसं पाठीमागे त्याला बघूसाहेब म्हणत आणि हे त्याला ठाऊक होतं, त्याचं काय करायचं तेही त्याने बघू म्हणून सोडून दिलं होतं. त्या सकाळी ती हसायला लागली, हसता हसता तिला ठसका लागला आणि डोळ्यांत पाणी आलं. "अरे, यात तू काय बघणारेस?" ती म्हणाली. "इतकी वर्षं बघू बघू म्हणालास, पण बघितलं काहीच नाहीस." त्याने कप विसळून ठेवला आणि तो कचेरीत गेला. संध्याकाळी परतला तेव्हा ती दोन पिशव्या भरून, चपला घालून तयार होती.

पण निघताना ती काय म्हणाली? जिन्याच्या वरच्या पायरीवर उभी होती, दोन्ही हात गुंतलेले, मान अर्धी वळवलेली, आणि म्हणाली, "दार लावून घे." एवढंच. आणि या एवढ्यावर त्याने महिना काढला होता. कारण कपाटाचं दार. झोपायच्या खोलीत भिंतीतलं कपाट होतं, त्याला दोन सरकती दारं, दोन्हींना पुरुषभर उंचीचे आरसे. त्यातलं एक दार कधीचं रुळावरून उतरलं होतं आणि भिंतीला टेकून तिरकं उभं होतं, इतकं तिरकं की त्यात छताचा पंखा आणि दिवा एवढंच दिसायचं. दार लावून घे रे, ती म्हणायची. कुणाला तरी बोलाव आणि दार लावून घे. कपडे धूळ खातायत, दार लावून घे. तो म्हणायचा बघू. पुढे पुढे तिने म्हणायचंही सोडलं होतं, आणि त्या संध्याकाळी, घर सोडून जाताना, तिने पुन्हा त्याच दाराची आठवण करून दिली होती. जी बाई कायमची चालली आहे तिला कपाटाच्या दाराचं काय पडलंय? तिला परत यायचं आहे, नक्की यायचं आहे, म्हणून तर ती काम सांगून गेली. तिची पावलं जिन्यात विरली आणि हा गडी थेट आतल्या खोलीत गेला, शर्टाच्या बाह्या वर केल्या आणि ते अवजड धूड एकट्याने उचलून रुळावर चढवायला लागला. नाकी नऊ आले. एकदा सटकून बोटावर आलं, नख काळंनिळं झालं. शेवटी चाकं खाचेत बसली, दार एकदा इकडून तिकडे सरकलं, आणि तो पलंगावर बसून लहान मुलासारखा हसला. तेवढ्यात समोरच्या काकूंची हाक आली, "कुणी आहे का घरात? दार सताड उघडं आहे केव्हाचं." बाहेरचं दार लावायचंच राहिलं होतं. त्याने ते लावलं आणि काकूंना सांगितलं की ती ताईकडे गेलीय, येईल थोड्या दिवसांत. त्याने ते इतक्या सहज सांगितलं की काकूंनी पुढे काही विचारलंच नाही.

मग परवा तिचा फोन आला. कचेरीच्या फोनवर, चारचौघांत. "शनिवारी दुपारी येते," ती म्हणाली, "कपाटातलं सामान घ्यायचंय. भावोजी येतील गाडी घेऊन."  सामान घ्यायचंय म्हणजे सगळं? की बदलायला चार कपडे? भावोजी, म्हणजे त्याचे साडू, गाडी घेऊन, म्हणजे सगळंच. त्याला विचारायचं होतं आणि त्याच्या तोंडून निघालं, "बरं." निदान बघू तरी निघालं नाही, असं त्याने स्वतःला समजावलं. दार लागलंय हे सांगावं असं ओठांवर आलं होतं, पण शेजारच्या टेबलावरचा माणूस कान देऊन ऐकत होता, आणि शिवाय सांगण्यात काय मजा? ती येईल, खोलीत जाईल, दोन्ही दारं जागच्या जागी बघेल. एवढ्याने भागेल का? नाही भागणार, त्याला दुपारभर वाटत राहिलं. एक दार लावणं म्हणजे मागची बाकी झाली, त्यात नवं काय? तिने न सांगितलेलं काहीतरी करायला हवं. आणि तेव्हा त्याला ती सोनेरी चौकट आठवली. आरशांभोवतीची ॲल्युमिनियमची पट्टी आणि भिंतीलगतची चौकट, सगळं झगझगीत सोनेरी. घर घेतलं त्या दिवशीच ती म्हणाली होती, "शी, दागिन्यांच्या दुकानात झोपल्यासारखं वाटतंय. आपण हिला राखाडी रंग देऊ. राखाडी, पण थोडा निळा." त्यावर तो काय म्हणाला होता ते सांगायला नको.

राखाडी, पण थोडा निळा. रंगवाल्याने रंगांच्या कार्डांचा पंखा उघडून त्याच्यापुढे धरला तेव्हा तो कार्डं पुढे-मागे करत राहिला. केवढे ते राखाडी. "घरी कुणाला तरी विचारून या की," रंगवाला म्हणाला, "फोन लावा." "घरी कुणी नाही," तो म्हणाला. मग त्याला आठवलं की तेव्हा तिने आणखी काहीतरी सांगितलं होतं, कोरड्या पाटीसारखा, ओल्या नाही, कोरड्या. रंगवाला हसला, पाटी बघून जमाना झाला म्हणाला, आणि एक कार्ड अंगठ्याने पुढे सरकवलं. तोच तो. किंवा तोच असावा. "पण एक ऐका," रंगवाला डबा हलवत म्हणाला, "दारं रुळावरून काढा, आडवी करा आणि मग रंगवा. उभी ठेवून रंगवलीत तर रंग फटीत उतरेल आणि दार चौकटीला चिकटेल. आणि पुरतं वाळू द्या, घाई नको." तो म्हणाला बघू. पण हा बघू निराळा होता, हे त्या रंगवाल्याला कसं कळावं? दार काढायचं? तिने लावून घे म्हणून सांगितलेलं दार, नख काळं करून चढवलेलं, ते ती यायच्या आदल्या दिवशी पुन्हा खाली उतरवायचं?  चुकून परत चढलंच नाही तर? ती आली आणि दार भिंतीला टेकलेलं दिसलं तर? दार काढायचं नाही, मग जग इकडचं तिकडे होवो.

तर तो असा उभ्या दारांशी झोंबत होता. काल घासून पहिला हात दिला होता, आज दुसरा. आणि ही सोनेरी पट्टी काही केल्या संपत नव्हती. समोरून रंगवून झालं की आरशात तिची आतली कड दिसायची, काचेकडे तोंड केलेली, नुसती बघितली तर न दिसणारी, पण आरशात झळझळीत. ती रंगवायला ब्रश आत घातला की काचेला लागायचा, पुसला की कडेचा रंग निघायचा. खाली वाकून, मान वाकडी करून तो एकेक बोट पुढे सरकत होता, आणि प्रत्येक बोटाला समोर त्याचं तोंड, सुजलेले डोळे, दाढीचे पांढरे खुंट. इतक्या जवळून त्याने स्वतःला कधी पाहिलं नव्हतं. हा माणूस तिच्या मागे पलंगावर बसायचा. ती आरशापुढे उभी राहून केस विंचरायची आणि त्यांचं जे काही बोलणं व्हायचं ते आरशातून व्हायचं. ती आरशातल्या त्याला विचारायची, तो आरशातल्या तिला उत्तर द्यायचा, आणि बाहेर मात्र तिची त्याच्याकडे पाठच असायची. दार उतरलं, आरसा पंख्याकडे तोंड करून बसला, आणि ते बोलणंही गेलं. दुसरं दार होतं की, पण ते पलंगाच्या कोपऱ्याआड यायचं. कुणाला सांगितलं तर हसेल, आरसा गेला म्हणून संसार गेला. पण त्याला तसं मनापासून वाटत होतं, आणि आता आरसा परत जागेवर आल्यावर तिच्याशिवाय त्यात बोलायला कुणी नव्हतं.

एकदा तिचा हात मोडला होता. ओल्या फरशीवरून पाय घसरला, मनगट प्लास्टरमध्ये. तेव्हा तिचे केस तो विंचरायचा. ही गोष्ट त्याने कुणाला सांगितली नव्हती. सकाळी ती या आरशापुढे स्टुलावर बसायची आणि तो मागे उभा राहून फणीने भांग पाडायचा, आणि ज्याच्या रेघेला कचेरीत मान होता त्याचा भांग रोज वाकडा यायचा. "वाकडा आलाय," ती म्हणायची. "परत काढ." तो परत काढायचा. "आता डावीकडे गेला. अरे, नळाची लाइन टाकतोयस का?" नावं ठेवण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. चहात साखर कमी, उशीला खोळ उलटी, खिळा ठोकलास तो फोटोसाठी की कोटासाठी? तो कुरकुरायचा, कपाळाला आठ्या घालायचा, आणि फणी पुन्हा हातात घ्यायचा. केसांना ऊब असायची. त्या दिवसांत कचेरीत तो बोटं नाकाशी नेऊन वास घ्यायचा. मग प्लास्टर निघालं, तिने फणी घेतली, म्हणाली, "मी करते आता," आणि त्याने निमूट देऊन टाकली. मी करतो म्हणायला काय झालं होतं? दोन शब्द. त्याला तेव्हा नुसतं सुटल्यासारखं वाटलं होतं, आणि नंतर कितीतरी दिवस सकाळी हात रिकामे वाटले, पण त्याने तेही बोलून दाखवलं नाही. राहा, असं म्हणावं का तिला आज? त्याने आरशात म्हणून बघितलं. "राहा." तोंड विचित्र दिसलं. "राहा ना." ते तर त्याहून विचित्र. वरच्या कोपऱ्यातून एक ओघळ निघून चौकटीवरून खाली आला होता आणि मध्येच थिजला होता, त्याच्या लक्षात आलं तेव्हा तो आटत आला होता. बोट लावलं तर आणखी बिघडला. तेवढ्यात घंटा वाजली. ती वेळेआधी आली होती.

दारात ती आणि मागे साडू. साडूंनी बिचाऱ्यांनी हसतमुख राहायचं घरूनच ठरवून आणलेलं दिसत होतं. "वा, रंगरंगोटी!" आत पाऊल टाकताच ते म्हणाले. "वासावरून कळतंय." ती वाळली होती जराशी. तिने चपला काढल्या, पण रॅकवर न ठेवता दाराशीच ठेवल्या, पाहुण्यांसारख्या, आणि तो त्या चपलांकडे बघत राहिला. ती आतल्या खोलीत गेली तसा तो मागोमाग गेला. ती कपाटापुढे उभी होती. दोन्ही दारं जागेवर, दोन्ही आरसे सरळ, आणि त्यात ती, तिच्यामागे तो, हातात ब्रश, आणि दारात साडू. "हे काय?" ती म्हणाली.

"लावलं दार," तो म्हणाला.  "त्याच दिवशी लावलं, तू गेलीस तेव्हाच. आणि रंग म्हटलं देऊन टाकू, तुला हवा होता तो. तू म्हणाली होतीस ना."

"मी कधी म्हणाले?"

"निघताना. जिन्यात. दार लावून घे म्हणालीस."

ती आरशातल्या त्याच्याकडे बघत होती. ती आठवत होती हे त्याला दिसलं, आणि मग तिला आठवलं तेही दिसलं, कारण तिचा चेहरा एकदम मऊ झाला, आणि त्या मऊपणाची त्याला भीती वाटली. ती वळली. आरसा सोडून सरळ त्याच्याकडे वळली. "अरे," ती म्हणाली, "बाहेरचं दार. माझ्या हातात दोन पिशव्या होत्या, मला मागे ओढून घेता येईना, म्हणून म्हटलं, दार लावून घे." साडूंनी घसा खाकरला आणि ते खिडकीतून खाली गाडी बघायला लागले.  आख्खा महिना त्याच्या डोळ्यांपुढून गेला, सकाळी उठून ते दार एकदा इकडून तिकडे सरकवणं, काकूंना येईल म्हणून सांगणं, कार्डांचा तो पंखा, आणि या सगळ्याखाली काही नव्हतं, दोन पिशव्या होत्या. "हो का," तो म्हणाला. "हो, बरोबर. बाहेरचं."

तिने दाराच्या खाचेत बोटं घालून ओढलं. दार ढिम्म हललं नाही. दुसरं ओढलं, तेही नाही. साडू पुढे आले, म्हणाले, "सरका, मी बघतो," आणि त्यांनी दोन्ही हातांनी जोर लावला; दार तसंच, साडूंच्या तळव्यांना मात्र राखाडी पट्टे आले. रंग फटीत उतरला होता आणि कालच्या हातानेच दार चौकटीला धरून ठेवलं होतं. तिचं सगळं आत होतं. साड्या, गरम कपडे, जुन्या पर्सा, सगळं. ती हळूच म्हणाली, साडूंना ऐकू जाणार नाही इतकं हळू, "मुद्दाम केलंस?" तो नाही म्हणाला.  "नाही," ती म्हणाली, "मुद्दाम तू काही करत नाहीस." त्यात टोमणा नव्हता, तो असता तर बरं झालं असतं. आणि त्याच्या मनात आलं की बसू दे चिकटून. आपण काही न करता नुसते उभे राहिलो, तर दार बंद राहील, सामान आत राहील, सुतार सोमवारशिवाय यायचा नाही, तिला परत यावं लागेल. काही न करण्यात त्याचा हात कोण धरणार? तो ब्रश हातात घेऊन उभा राहिला. ती वाट बघत होती. ती सामानाची वाट बघत नव्हती, त्याची बघत होती, तो काय करतो याची, आणि हे मात्र त्याला पहिल्यांदाच स्पष्ट दिसलं.

त्याने खिडकीत ठेवलेलं ब्लेड घेतलं आणि गुडघे टेकले. फटीत ब्लेडचं टोक घालून तो खालून वर कापत गेला, सावकाश, काचेला न लावता.  रंगाची कोवळी साल लांबच्या लांब सुटून त्याच्या मनगटावर लोंबत होती, आणि तिच्याखाली पुन्हा ते सोनेरी. काप डोक्याच्या वर गेला तेव्हा तिने स्टूल पुढे सरकवलं. तो स्टुलावर चढला, उरलेलं कापलं, उतरला आणि दार ओढलं. ते फाटल्यासारखा आवाज करत उघडलं. तिच्या कपड्यांचा वास खोलीभर झाला, रंगाच्या वासालाही पुरून उरला. "राहा," तो म्हणाला. साडूंसमोर म्हणाला. "मला तू हवी आहेस. बघू नाही म्हणत, खरंच सांगतोय. राहा."

साडू गुपचूप बाहेरच्या खोलीत निघून गेले. ती पलंगाच्या कडेवर टेकली आणि मांडीवर हात घेऊन बसली. "हे म्हणालास, बरं वाटलं," ती म्हणाली. "खोटं नाही सांगत. पण तिथे मला सकाळी जाग येते ना, तेव्हा छातीवर काही नसतं. कितीतरी वर्षांनी." ती उठली, आणि कपडे काढून घड्या घालायला लागली. त्याने बॅगा धरल्या, तिने भरल्या. साडू येऊन एकेक बॅग खाली नेत होते. शेवटची बॅग भरून झाली तेव्हा तिने कपाटाचं दार सरकवलं, मागे सरली, आणि चौकट वरपासून खालपर्यंत नीट बघितली. त्याचा जीव कानांत गोळा झाला. कापलेल्या कडा फाटक्या होत्या, साडूंच्या हाताचे ठसे होते, काचेवर धुरकट डाग होता, आणि वरच्या कोपऱ्यातून तो ओघळ निघाला होता, जाड, मध्येच थिजलेला, आंधळ्यालाही दिसावा असा. तिची नजर त्या ओघळावरून वरून खाली आली. तो वाट बघत होता. आता म्हणेल, हे काय करून ठेवलंस. आता म्हणेल, परत काढ.

"छान झालंय," ती म्हणाली. "रंगही छान आहे."

"तिथे ओघळ आलाय," तो घाईघाईने म्हणाला. बोट दाखवलं. "तो बघ. वरून आलाय."

ती वळून खांद्याला पर्स अडकवत होती. तिने पुन्हा त्या कोपऱ्याकडे पाहिलं, आणि एखाद्याच्या घरी गेल्यावर बोलावं तशी अदबीने म्हणाली, "कुठे? नाही रे. कळतसुद्धा नाही."